पूर्ण नाव विचारा : मेंदू आणि मज्जारज्जू यांतील गाठी



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी पाढे घोकले, त्याच शाळेच्या सभागृहात व्याख्याता म्हणून उभे राहताना मन संकोचते. त्यातून हे व्याख्यान बाईंच्या स्मृतीचे. या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर त्यांचे नाव आहेच. मी मात्र त्यांना आज 'बाई' एवढेच म्हणणार आहे, कारण पन्नासहून अधिक वर्षांत दुसऱ्या कोणत्याही नावाने त्यांचा उल्लेख करण्याची मला सवय झाली नाही. बाईंच्या आजाराविषयी मी आज काही बोलणार आहे. ते त्यांच्या कुटुंबीयांची अनुमती घेऊनच बोलत आहे.

बाई आम्हाला शास्त्र शिकवीत. भाद्रपदात पाऊस थोडा ओसरला की त्या आम्हाला येळ्ळूरच्या गडावर नेत. एकदा चढणीवर एक मुलगा ओरडला, "बाई, पिवळे फूल!" बाई थांबल्या. म्हणाल्या, "पिवळा हा रंग झाला. नाव काय?" कोणालाच सांगता येईना. तेव्हा त्यांनी बोटांवर चार प्रश्न मोजले. कोठे उगवले? कशातून उगवले? कोणत्या ऋतूत? किती झपाट्याने वाढते? "एवढे नीट पाहा, म्हणजे नावापर्यंत पोचाल. आणि नाव पूर्ण सांगायचे, अर्धे नाही." ते फूल सोनकीचे होते.

मेंदू आणि मज्जारज्जू यांची शल्यक्रिया हा माझा चाळीस वर्षांचा व्यवसाय. या काळात रुग्णाचा मुलगा किंवा भाऊ दारातून आत येताच म्हणतो, "डॉक्टर, मेंदूत गाठ आहे म्हणतात." ते ऐकले की मला तो गड आठवतो. मेंदूत गाठ आहे, हे 'पिवळे फूल' म्हणण्यासारखेच आहे. त्यातून भीतीखेरीज काही हाती लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या वर्गीकरणात मेंदू व मज्जारज्जू यांच्या गाठींचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. त्यांतील काही शस्त्रक्रियेने कायमचे जातात, काहींना आयुष्यभर नुसते डोळ्यांखाली ठेवावे लागते, आणि काही आजही आमचा पराभव करतात. या सर्वांना एकाच शब्दात कोंबल्यामुळे जो बरा होणार आहे तोही खचतो आणि वेळ दवडतो. म्हणून आजचे व्याख्यान मी बाईंच्या चार प्रश्नांवरच बेतले आहे.

बंद पेटी

प्रश्नांकडे वळण्यापूर्वी ज्या जागेत हे सारे घडते ती जागा पाहू. प्रौढ माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा असतो. तो ज्या कवटीत असतो ती हाडाची बंद पेटी आहे. तान्ह्या बाळाची टाळू भरून हाडांचे सांधे जुळले की ती ताणली जात नाही. या पेटीत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवती खेळणारा स्वच्छ द्रव अशा तीनच गोष्टी असतात. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या भोवतीचा हा सारा द्रव मिळून सुमारे १५० मिलिलिटर भरतो. चौथा पाहुणा आत आला की या तिघांनी सरकून त्याला जागा द्यायची. पाहुणा सावकाश वाढणारा असेल तर ते बराच काळ जागा देतात. त्यामुळे लिंबाएवढी गाठ होईपर्यंत एखाद्याला काही जाणवत नाही. सरकण्याची सोय संपली की मात्र थोड्याशा वाढीनेही दाब झपाट्याने चढतो.

या दाबाची लक्षणे ठरलेली आहेत. पहाटे उठताना डोके अधिक दुखते, कारण रात्रभर आडवे पडल्याने आतील दाब आणखी वाढलेला असतो. मळमळीशिवाय अचानक उलटी होते. दृष्टी अंधुक होते. डोळ्याच्या मागील पडद्यावर नेत्रवैद्यांना सूज दिसते. मात्र येथे एक खुलासा लगेच करतो, नाहीतर उद्या सकाळी माझ्या दारात रांग लागेल. डोकेदुखीच्या बहुसंख्य रुग्णांना गाठ नसते. वर्षानुवर्षांच्या अर्धशिशीने घाबरू नये. नव्याने सुरू झालेली, दिवसेंदिवस वाढणारी, पहाटे जागे करणारी आणि उलटी, अंधुक दृष्टी किंवा झटका यांच्या सोबतीने येणारी डोकेदुखी मात्र अंगावर काढू नये.

पहिला प्रश्न : कोठे?

मेंदूत प्रत्येक जागेचे काम वेगळे आहे. त्यामुळे गाठ आपला पत्ता स्वतःच सांगत असते. आपण तो वाचला पाहिजे.

कपाळामागच्या भागात गाठ झाली तर हात-पाय चालतात, वाचाही ठीक असते, पण माणूस बदलतो. पै-पैचा हिशेब ठेवणारा गृहस्थ बेफिकीर होतो, सोवळ्यातले आजोबा चारचौघांत भलतेच बोलू लागतात, आणि घरचे लोक त्याला स्वभावाचा दोष समजतात. कानशिलाजवळच्या भागातली गाठ क्षणभर नसलेला वास आणते किंवा माणूस काही क्षण शून्यात पाहत राहतो. हाताची हालचाल ठरवणाऱ्या पट्टीजवळ गाठ असेल तर झटका अंगठ्यापासून सुरू होऊन दंडापर्यंत चढतो. डोक्याच्या मागील भागात असेल तर दृष्टीचा अर्धा भाग नाहीसा होतो. लहान मेंदूत असेल तर माणूस दारू न पिता झिंगल्यासारखा चालतो. ऐकण्याच्या व तोल सांभाळण्याच्या मज्जातंतूवर गाठ असेल तर एकाच कानाने कमी ऐकू येते, त्यात शिट्टी वाजत राहते आणि माणूस नकळत टेलिफोन दुसऱ्या कानाला लावू लागतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूंची दृष्टी खाते. तिच्यातून वाढीचे संप्रेरक जास्त पाझरत असेल तर प्रौढ वयात अंगठी घट्ट होते आणि जोड्याचा नंबर वाढतो.

बोलण्याच्या केंद्राजवळ गाठ असेल तर शल्यवैद्य काही वेळा रुग्णाला शस्त्रक्रियेच्या मध्ये जागे ठेवतो. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. विजेचा सौम्य स्पर्श करीत आणि रुग्णाला चित्रांची नावे सांगायला लावत कोणती जागा वाचवायची ते ठरवतात. आपल्या बेळगावसारख्या गावातल्या रुग्णाला हे एकाच भाषेत विचारून चालत नाही. घरी मराठी आणि कचेरीत कन्नड बोलणाऱ्या माझ्या एका रुग्णाला मी दोन्ही भाषांत विचारले. एका जागी स्पर्श होताच मराठी शब्द अडला आणि कन्नड सहज आला. बोटभर अंतरावर उलटे झाले. दोन्ही जागा आम्ही राखल्या. त्याची दोन्हीपैकी कोणतीच भाषा गमावू देणे मला परवडणारे नव्हते.

दुसरा प्रश्न : कशातून?

विचार करणाऱ्या चेतापेशींपासून होणाऱ्या गाठी थोड्या. त्या पेशींना आधार देणाऱ्या, त्यांचे पोषण आणि संरक्षण करणाऱ्या ज्या पेशी आहेत त्यांना ग्लिया म्हणतात. त्यांच्यापासून होणाऱ्या गाठींचे मोठे कुटुंब म्हणजे ग्लायोमा. ताऱ्यासारख्या आकाराच्या पेशींशी साधर्म्य असलेली ती अॅस्ट्रोसायटोमा, मज्जातंतूंना वेष्टन घालणाऱ्या पेशींशी साधर्म्य असलेली ती ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, आणि मेंदूतील द्रवाच्या पोकळ्यांच्या अस्तराशी नाते सांगणारी ती एपेंडायमोमा. अमेरिकन शल्यवैद्य हार्वे कुशिंग आणि त्यांचे सहकारी पर्सिव्हल बेली यांनी १९२६ मध्ये ग्लायोमांचे पेशींच्या मुळावरून वर्गीकरण केले. आजच्या वर्गीकरणाचा पाया तोच आहे.

मेंदूबाहेरच्या आवरणांतून उगवणारी गाठ ती मेनिंजिओमा. हे नावही कुशिंग यांनीच १९२२ मध्ये रूढ केले. प्रौढांच्या कवटीत मूळ धरणाऱ्या गाठींत ही सर्वाधिक आढळते, स्त्रियांत जास्त, आणि बहुतेक वेळा ती सौम्य असते. ती मेंदूला दाबते, पण सहसा त्यात मुळे सोडत नाही. मज्जातंतूंच्या वेष्टनातून उगवते ती श्वानोमा. कानाच्या मज्जातंतूची जी गाठ मघाशी सांगितली ती हीच.

आणखी दोन गोष्टी येथे सांगणे आवश्यक आहे. पहिली अशी की, प्रौढांच्या मेंदूतील पुष्कळ गाठी मेंदूच्या नसतातच. फुप्फुस, स्तन, मूत्रपिंड किंवा त्वचा यांच्या कर्करोगाच्या पेशी रक्तातून वाहत येऊन तेथे रुजतात. उलट मेंदूत जन्मलेली गाठ मेंदू आणि मज्जारज्जू सोडून इतर अवयवांत जाणे फार विरळ. दुसरी गोष्ट आपल्या देशाची आहे. क्षयरोगाची मेंदूतील गाठ आणि पट्टकृमीच्या अळ्यांमुळे होणारी गाठ ही दोन्ही छायाचित्रात अर्बुदासारखी दिसू शकतात, आणि दोन्ही बहुतेक वेळा औषधांनी बऱ्या होतात. पूर्ण नाव विचारण्याचा याहून मोठा फायदा कोणता?

तिसरा प्रश्न : कोणत्या वयात?

बाईंच्या भाषेत हा ऋतूचा प्रश्न. मुलांच्या गाठी आणि मोठ्यांच्या गाठी यांत फार अंतर आहे. लहान मुलांच्या पुष्कळशा गाठी लहान मेंदूत आणि त्याच्या आसपास होतात. त्यांतील पायलोसायटिक अॅस्ट्रोसायटोमा ही पूर्ण काढता आली तर मूल बहुधा कायमचे बरे होते. मेड्युलोब्लास्टोमा ही तिच्याच शेजारी होणारी, परंतु उग्र गाठ. तिच्या पेशी द्रवातून खाली मज्जारज्जूपर्यंत उतरतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर संपूर्ण मेंदू आणि पाठीचा कणा यांवर किरणोपचार व पुढे औषधे द्यावी लागतात. तीन वर्षांखालील मुलांना हे किरण शक्यतो टाळतात, कारण वाढत्या मेंदूला ते जपत नाहीत. एवढी उग्र गाठ असूनही, ती पसरण्यापूर्वी पूर्ण उपचार मिळालेली शंभरातील सत्तराहून अधिक मुले आज वाचतात. याउलट मस्तिष्कस्तंभात पसरणारी मुलांची एक ग्लायोमा अशी आहे की तिच्यापुढे आम्ही आजही हतबल आहोत.

तरुण वयात संथ ग्लायोमा अधिक, आणि त्यांचे पहिले लक्षण बहुधा आकडीचा झटका. पन्नाशी-साठीनंतर उग्र ग्लायोमा, मेनिंजिओमा आणि अन्य अवयवांतून आलेल्या गाठी यांचे प्रमाण वाढते.

चौथा प्रश्न : किती झपाट्याने?

गाठीच्या स्वभावाला एक ते चार अशा श्रेणी देतात. पहिली सर्वांत सौम्य, चौथी सर्वांत उग्र. प्रौढांतील ग्लिओब्लास्टोमा ही चौथ्या श्रेणीची. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात किरणोपचारासोबत टेमोझोलोमाइड हे औषध दिल्यावर रुग्णांचे मध्यम आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले. अडीच महिने, एवढीच वाढ. परंतु दोन वर्षांनंतर हयात असणारे रुग्ण शंभरात दहा होते ते सव्वीस झाले. ज्यांच्या घरी हा आजार आला आहे त्यांना या सोळा माणसांचा अर्थ सांगावा लागत नाही.

गेल्या दोन दशकांत नाव ठरवण्याची रीतच बदलली. पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसे त्यावरून नाव ठरे. २००८ मध्ये काही ग्लायोमांत आयडीएच नावाच्या जनुकातील बदल सापडला. त्यानंतर ध्यानात आले की, सूक्ष्मदर्शकाखाली जुळ्या बहिणींसारख्या दिसणाऱ्या दोन गाठींत हा बदल असणारी रुग्णाला कितीतरी अधिक वर्षे देते. म्हणून २०१६ आणि २०२१ च्या वर्गीकरणांत जनुकांची माहिती नावाचाच भाग झाली. या बदलावरच काम करणाऱ्या व्होरासिडेनिब या गोळीला अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली. संथ ग्लायोमाच्या रुग्णांत ती किरणोपचाराची वेळ लांबवू शकते. अर्धे नाव कळलेल्याला ती गोळी कोणी देणार नाही.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. बंद पेटीत, नाजूक जागी बसलेली पहिल्या श्रेणीची गाठही जीव घेऊ शकते. चारही उत्तरे एकत्र ठेवली तरच नाव पूर्ण होते.

मज्जारज्जू आणि बाई

आता मज्जारज्जूकडे वळतो. मेंदूपासून खाली उतरणारा हा दोर प्रौढात सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि करंगळीएवढा जाड असतो. पाठीचा कणा माकडहाडापर्यंत गेला तरी मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या मणक्याच्या सुमारास संपतो. त्याखाली फक्त मज्जातंतूंचा झुपका असतो. ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवा.

येथील गाठींचे जागेवरून तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील गाठी आवरणाच्या बाहेर, बहुधा मणक्यातच असतात. त्या बहुतांशी स्तन, फुप्फुस किंवा पुरःस्थ ग्रंथी यांच्या कर्करोगातून आलेल्या असतात आणि पायांतली शक्ती दिवसांत, कधी तासांत नेतात. तेथे दिरंगाई करू नये. दुसऱ्या वर्गातील गाठी आवरणाच्या आत पण दोराच्या बाहेर असतात. मेनिंजिओमा आणि श्वानोमा या त्यांतील प्रमुख. त्या सावकाश वाढतात आणि बहुतेक वेळा पूर्ण काढता येतात. तिसऱ्या वर्गातील गाठी खुद्द दोराच्या गाभ्यात असतात. प्रौढांत तेथे एपेंडायमोमा अधिक, मुलांत अॅस्ट्रोसायटोमा.

१९८१ च्या दिवाळीत मी मुंबईहून सुटीवर आलो होतो. शल्यशास्त्राचे शिक्षण चालू होते आणि स्वतःविषयी माझे मत फार चांगले होते. बाईंना भेटायला गेलो. त्या तेव्हा छप्पन्न वर्षांच्या होत्या. म्हणाल्या, "पाय जड झालेत रे. छातीखाली कोणी पट्टा आवळल्यासारखे वाटते. परवा शाळेच्या व्हरांड्यात चप्पल पायातून निसटली, शिपायाने मागून आणून दिली तेव्हा कळले." त्यांनी कमरेचा एक्स-रे माझ्यापुढे ठेवला. मणके थोडे झिजलेले दिसले. मी तो खिडकीशी धरून पाहिला आणि म्हणालो, "बाई, वयाप्रमाणे होणारच. शेक घ्या, गोळ्या लिहून देतो." चहा घेऊन मी निघालो.

मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्या खालचे ते चित्र होते. आणि त्या चित्राकडेच मी पाहत राहिलो. पट्टा आवळल्यासारखे वाटणे, पायांचा जडपणा आणि निसटलेली चप्पल कळू न येणे ही तिन्ही लक्षणे छातीच्या मागच्या मणक्यांकडे बोट दाखवीत होती. ती बाईंनी मला क्रमाने सांगितली होती, एखादा धडा सांगावा तशी.

पुढे सुमारे पंधरा महिन्यांनी, भिंत धरल्याशिवाय चालता येईना तेव्हा, बाईंना मुंबईस आणले. एमआरआय तेव्हा आपल्याकडे आलेला नव्हता. पाठीच्या कण्यात औषध सोडून, टेबल तिरपे करून चित्रे काढीत. ते औषध छातीच्या सहाव्या मणक्याशी येऊन थांबले. फेब्रुवारी १९८३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. आमच्या ज्येष्ठ सरांनी मला शेजारी उभे राहू दिले. आवरण उघडले तेव्हा लहान सुपारीएवढी गाठ दिसली आणि तिच्या बाजूला फितीसारखा चपटा झालेला मज्जारज्जू. गाठ पूर्ण निघाली.

पाचव्या दिवशी बाईंनी विचारले, "नाव काय तिचे?" मी म्हणालो, "मेनिंजिओमा, बाई. सौम्य आहे." "पूर्ण नाव." मला ठाऊक नव्हते. मी जिना उतरून प्रयोगशाळेत गेलो, अहवाल वाचला आणि परत येऊन सांगितले : सॅमोमॅटस मेनिंजिओमा. गाठीत वाळूसारखे चुन्याचे कण होते, आणि ग्रीक भाषेत सॅमोस म्हणजे वाळू. बाईंनी वहीत ते लिहून घेतले. मग वही मिटून म्हणाल्या, "दिवाळीत तू माझा एक्स-रे पाहिलास. मला चालून दाखवायला सांगितले नाहीस."

त्या रागावल्या नव्हत्या. उत्तरपत्रिकेत चूक कोठे झाली ते दाखवावे, तसे त्यांनी सांगितले. मी काहीही बोलू शकलो नाही. त्यांचे चालणे परत आले, परंतु काठीसह. येथील जिना त्यांना पुन्हा कधी आधाराशिवाय चढता आला नाही. ते पंधरा महिने वाया गेले नसते तर काठी कदाचित लागली नसती. मी पुढे या शाखेकडे वळलो त्याला हे एकमेव कारण होते असे म्हणणे नाटकी होईल. पण ते एक कारण होते.

या शाखेचा इतिहास वाचू लागलो तेव्हा एक प्रसंग मला फार टोचला. १८८७ साली लंडनमध्ये सैन्यातील एक बेचाळीस वर्षांचा कॅप्टन पाठीच्या असह्य वेदनेने आणि लुळ्या पडलेल्या पायांनी ग्रासला होता. त्याला अनेकांनी पाहिले होते आणि अनेक निदाने झाली होती. विल्यम गॉवर्स यांनी त्याला तपासले. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून आठ वर्षे होती. त्यांच्यापाशी होते ते डोळे, बोटे आणि ऐकण्याची तयारी. संवेदना कोठून हरवते ते पाहून त्यांनी गाठीची जागा सांगितली. ९ जून रोजी व्हिक्टर हॉर्स्ले यांनी शस्त्रक्रिया केली. सांगितलेल्या जागी गाठ दिसेना, तेव्हा ते आणखी वर गेले आणि ती सापडली. मज्जारज्जूवरची गाठ यशस्वीपणे काढण्याचा हा पहिला प्रसंग मानला जातो. कॅप्टन पुन्हा चालू लागला आणि कामावर परतला.

गॉवर्स यांच्यापाशी एकही चित्र नव्हते, त्यांनी माणूस तपासला. माझ्या हातात चित्र होते, म्हणून मी माणूस तपासला नाही. १९७१ मध्ये लंडनजवळ पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन झाले, पुढे एमआरआय आला. या यंत्रांनी आमचे काम कितीतरी सुकर केले, आणि त्यांच्याविना मी एकही शस्त्रक्रिया करू इच्छित नाही. पण यंत्र कोणत्या मणक्याकडे वळवायचे हे रुग्णाचे शब्द आणि त्याची चालच सांगते. त्या दिवसापासून माझ्या दालनात आलेला प्रत्येक रुग्ण आधी दारापासून खिडकीपर्यंत चालला आहे. चित्रे मी नंतर पाहतो.

शाळेकडे काही मागणे

शेवटी माझ्या या शाळेकडे आणि तुम्हा सर्वांकडे काही मागणे आहे.

शिक्षकांनो, मुलाला तुम्ही रोज पाच-सहा तास पाहता. जे मूल सकाळी वारंवार उलटी करते, मान एका बाजूला तिरपी धरते, खेळताना पूर्वीपेक्षा अधिक पडते, ज्याचे अक्षर अचानक बिघडते किंवा ज्याला फळ्यावरचे दुहेरी दिसते, ते शाळा टाळण्याची सोंगे करीत आहे असे ठरवण्यापूर्वी त्याला डॉक्टरांकडे पाठवा. आणि उपचार घेऊन परत आलेले मूल पूर्वीच्या वेगाने लिहू शकले नाही, तर त्याला वेळ द्या. त्याने आपल्या वर्गातल्या कोणाहीपेक्षा कठीण परीक्षा दिलेली असते.

पालकांनो, मोठ्या वयात पहिल्यांदाच आकडी आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवत बसू नका. रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि झटका ओसरल्यावर तपासणी करा. कारण गाठ असेलच असे नाही, पण ते पाहिलेच पाहिजे. रात्री आडवे पडल्यावर वाढणारी पाठदुखी, पायांचा जडपणा, निसटलेली चप्पल, लघवीवरचा सुटलेला ताबा यांना वय हे उत्तर देऊ नका. आणि "चाकू लागला की गाठ पसरते" हा समज सोडा. गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय बहुतेक वेळा तिचे नाव कळत नाही, आणि नावाशिवाय उपचार म्हणजे अंधारात दगड.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी डॉक्टर होतील. तुमच्या हाती माझ्यापेक्षा चांगली यंत्रे असतील. तरी समोरचा माणूस आपला आजार क्रमाने सांगत असेल तेव्हा त्याला मध्येच थांबवू नका.

आणि तुमच्यापैकी कोणाच्याही घरी उद्या हा शब्द उच्चारला गेला, तर डॉक्टरांना चार प्रश्न विचारा : कोठे आहे, कशातून उगवली आहे, या वयात ती कशी वागते, आणि किती झपाट्याने वाढते? उत्तर नेहमी दिलासा देणारेच असेल असे वचन मी देऊ शकत नाही. परंतु पुढचे पाऊल कोणते, हे त्यावरूनच कळेल.

शस्त्रक्रियेनंतर बाई एकोणीस वर्षे जगल्या. त्यांची ती वही त्यांच्या कन्येने मला गेल्या महिन्यात दाखवली. गाठीच्या नावाखाली बाईंनी चार ओळींत चार उत्तरे लिहिली आहेत. कोठे : छातीचा सहावा मणका. कशातून : मज्जारज्जूचे आवरण. वय : ५७. वेग : संथ. त्याखाली, त्यांच्या नेहमीच्या लाल शाईत, तारीख आहे.